कागदाचं पांढरं

३ फेब्रुवारी, सकाळ

ठिपके,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच: मी माफी मागायला लिहीत नाहीये. तेव्हा निर्धास्त राहा. नऊ वर्षांत मागितली नाही, ती आता त्रेसष्टाव्या वर्षी समुद्राची हवा लागली म्हणून मागेन, एवढी मी हलकी नाही.

समुद्राची हवा म्हणजे खरंच समुद्राची. मी चित्रं काढायला आलेय. हस मेले, हस. बारा दिवसांची कार्यशाळा आहे, जलरंगांची. लांबच लांब बैठं घर, पुढे रुंद व्हरांडा, समोर नारळाची झाडं आणि झाडांच्या मधून समुद्र. आम्ही अकरा जण आहोत. सकाळी सातला फळी, कागद आणि रंगांचा डबा घेऊन वाळूत जायचं, ऊन चढलं की परत यायचं, दुपारी आडवं व्हायचं, चारला पुन्हा बाहेर. संध्याकाळी सगळ्यांचे कागद व्हरांड्याच्या भिंतीला ओळीने टेकवायचे आणि मास्तर एकेकासमोर उभा राहून बोलणार. जाहिरातीत लिहिलं होतं 'सुट्टी आणि कला'. सुट्टी कसली डोंबलाची, शाळाच आहे. फक्त छडी नाही.

तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. तिच्याकडूनच कळलं की तू शाळेत चित्रकला शिकवतेस आणि त्या दिवसापासून जलरंगांना हात लावलेला नाहीस, पोरांच्या हातात खडूच देतेस. तुझी मर्जी. मी निघाले तेव्हा मावशी दारात आडवी झाली होती. "या वयात एकटी? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांचे चेहरे मी चाळीस वर्षं गुळगुळीत करून दिलेत, त्यांनी आता तोंड उघडायचं कारण नाही.

आता कशाला आले ते सांगते, आडपडदा ठेवत नाही. माझ्या पेटीच्या तळाशी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, तुझं ते चित्र आहे. तेच. बाबांचं. ते मी दुरुस्त करणार आहे. ज्या चार बोटं पांढऱ्यासाठी तू घर सोडलंस, ते पांढरं असतं तरी काय, हे मला एकदा शिकून घ्यायचंय. शिकले की तुझं पांढरं तुला परत करीन. मग बघू तुला रुसायला कुठली जागा उरते ती.

आई


५ फेब्रुवारी, दुपार

ठिपके,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, टपालाला पंख नसतात. मी वाट बघत नाहीये.

इथला मास्तर चाळिशीचा असेल. डोक्यावर गवताची टोपी, पाय अनवाणी, आणि आवाज असा की लाटेलाही वाटावं आपण जरा हळू बोलावं. पहिल्याच दिवशी त्याने एक वाक्य सांगितलं आणि माझी झोप उडवली. म्हणाला, "आपल्या डब्यात पांढरा रंग नाही. पांढरं म्हणजे कागद. ते लावायचं नसतं, राखायचं असतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग लाटेचा फेस रंगवायला बसले आणि अर्ध्या तासात फेस गायब. कुठे पांढरं दिसलं की हात आपोआप जातो आणि भरून टाकतो. दुसऱ्या दिवशी होडीची पांढरी कड भरली. काल ढग भरले. मास्तर म्हणाला, "आजी, तुमच्या समुद्रावर श्वास घ्यायला जागाच नाही हो." आजी म्हणे. मी म्हटलं, मला एकही नातवंड नाही, तेव्हा आजी म्हणायचं काम नाही. बाकीचे खोकल्यासारखे हसले.

माझ्या खोलीत एक दातांची डॉक्टरीण आहे, माझ्याच वयाची. तिला म्हटलं, तुम्ही कशा काय पांढरं सोडता? ती म्हणाली, "मी जन्मभर भोकं भरलीत, आता एक जरी भरायला सांगितलं तरी पळून जाईन." बघ, एकाच कामाने एक बाई पळते आणि दुसरी चिकटते.

माझं काय झालंय ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. लग्न होऊन स्टुडिओत आले तेव्हा तुझ्या बाबांनी माझ्या हातात तीन केसांचा ब्रश दिला. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. तो दिसायच्या आत भरायचा. नवरीच्या गालावरचा, बारशाच्या बाळाच्या डोळ्यातला, मेलेल्या माणसाच्या कपाळावरचा. बाबांचा नियम एकच: पांढरं म्हणजे चूक. चाळीस वर्षं, दिवसाला साठ-सत्तर प्रिंट. तू माझ्या पोटात होतीस तेव्हाही मी पोटावर फळी ठेवून ठिपके भरत होते, म्हणून तर तुझं नाव पडलं. आता या हाताला सांगायचं की बाबा रे, पांढरं राख? सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

तेव्हा त्या दिवशी जे झालं त्यात मी जगावेगळं काय केलं? तू बाबांना खुर्चीत बसवलं होतंस. तेही गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, जिथे ते जन्मात बसले नाहीत. खिडकी, पडदा, खुर्ची, हात, सदरा, सगळं काढलं होतंस. आणि चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. दुसऱ्या दिवशी चित्र प्रदर्शनाला जायचं होतं. तू काच कापून आणायला गेलीस आणि मी ते बघत बसले. माणूस जाऊन पाच महिने झाले होते, ठिपके. पाच महिने. आणि त्याला चेहरा नाही! मला वाटलं, पोरीला वेळ पुरला नसणार. दोन तासांत मी चेहरा काढला. डावा डोळा बारीक, कॅमेऱ्यातून बघून बघून कायमचा झालेला, तोसुद्धा. आणि एक सांगते, अजून सांगते, चेहरा चांगलाच जमला होता.

तू दारात उभी राहिलीस, हातात काच. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस, "विचारलंस का?"

मी म्हटलं, "अगं, चित्र चांगलं झालं ना?"

घरच्या माणसाला काय विचारायचं? ते प्रदर्शनाला गेलं नाही, आठवड्याने तू गेलीस. मला अजून कळत नाही.

आई


८ फेब्रुवारी, संध्याकाळ

ठिपके,

आज पेन कागदात रुततंय म्हणून अक्षर असं आहे. म्हातारपणाने नाही, संतापाने.

आधी चांगलं सांगते. आज जमलं. घराच्या मागे कपडे वाळत घालायची दोरी आहे. खोल्यांमधल्या चादरी धुऊन टाकल्या होत्या, आठ चादरी, आणि त्यांच्या मागे काळपट हिरवी झाडी. सगळे समुद्राकडे तोंड करून बसलेले, मी एकटी त्यांच्याकडे पाठ करून. ठरवलं, आज चादरीला ब्रश लावायचाच नाही. झाडी रंगवली, दोरी रंगवली, दोरीखालची सावली रंगवली. चादरींच्या कडेपर्यंत आले की डावा हात उजव्या मनगटावर ठेवायचे, लहान मुलाला धरतात तसा. दोनदा ब्रश आत घुसायला निघाला. दोन्ही वेळा मी मोठ्याने म्हणाले, "खबरदार!" स्वयंपाकघरातून कुणीतरी डोकावून गेलं.

आणि मग ती चादर झाली, ठिपके. मी काढलेली नाही, तरी झाली. तिच्यात ऊन आलं, वारा आला. मी तिथे काहीच केलं नव्हतं आणि तिथेच सगळं होतं. मी वाळूत बसून रडले. हो, रडले, सांगायला काय लाज. नऊ वर्षांपूर्वी तू मला काय दाखवत होतीस ते मला त्रेसष्टाव्या वर्षी एका चादरीने दाखवलं.

आता वाईट. संध्याकाळी भिंतीला कागद लागले. मास्तरची एक पद्धत आहे: बोलता बोलता खिशातून ब्रश काढतो, कुणाच्या तरी डब्यात बुडवतो आणि समोरच्या चित्रावर 'दोन हात' मारतो. सगळ्यांना ते फार आवडतं. ज्याच्या कागदावर मास्तरचे दोन हात पडले तो दिवसभर मिरवतो. माझ्या कागदासमोर आला. बराच वेळ बघत राहिला. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नकोस. म्हणाला, "वा, आज्जी. फक्त ही मधली चादर जरा मोकळी राहिलीय." आणि सर्रकन ब्रश फिरवला. निळसर एक घडी. वरून खालपर्यंत.

सगळे म्हणाले, वाऽ. टाळ्याही वाजल्या.

आणि खरं सांगू? चित्र सुधारलं होतं. त्या एका घडीने चादर गोल झाली, फुगली. मला ते दिसत होतं. चाळीस वर्षं चित्रं बघितलेला डोळा आहे माझा, मला दिसणार नाही?

मी त्याच्या हातातून ब्रश हिसकावला. कसा, ते माझं मलाच ठाऊक नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "विचारलंत का?"

तो गोंधळला बिचारा. हसला. म्हणाला, "अहो, चित्र चांगलं झालं ना?"

ठिपके, मी तिथल्या तिथे खाली बसले. डॉक्टरणीला वाटलं चक्कर आली, ती पाणी घेऊन धावली. चक्कर नव्हती. कुणीतरी माझाच आवाज गवताची टोपी घालून माझ्यासमोर उभा केला होता.

आई


९ फेब्रुवारी, सकाळ

ठिपके,

सकाळी इथल्या व्यवस्थापक बाई चहाच्या वेळी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. गोड बोलल्या. मास्तर मोठा माणूस आहे, वर्षातून एकदाच येतो, काल इतरांसमोर फार वाईट दिसलं, तेव्हा मी संध्याकाळी दोन शब्द बोलून टाकावेत. नाहीतर "तुम्हालाच इथे अवघडल्यासारखं होईल" म्हणे. म्हणजे पेटी भरा.

मी म्हटलं, "बाई, मी अवघडत नाही. चाळीस वर्षं काळ्या खोलीत बसलेली बाई आहे मी. दोन शब्द मी काल बोलले, 'विचारलंत का' हेच ते. तिसरा नाही."

त्या म्हणाल्या, "इतका हट्ट कशासाठी? एका घडीसाठी?"

म्हटलं, "हो. एका घडीसाठी लोक नऊ नऊ वर्षं घरी येत नाहीत."

त्यांना काय कळणार. मग मी फळी उचलली आणि वाळूत जाऊन बसले, ठरल्या जागेपासून लांब. दहा मिनिटांनी डॉक्टरीण आली, आपली फळी घेऊन. म्हणाली, "मलाही त्याने परवा एक नारळाचं झाड घातलं. मी काही बोलले नाही. पण झाड मला नको होतं." आता आम्हा दोघींचा बहिष्कार आहे. दोन म्हाताऱ्या, चार गुडघे आणि त्यातले तीन दुखरे. घालवून दाखवा म्हणावं.

पण तुला लिहायला बसले ते बढाई मारायला नाही. रात्रभर एकच म्हण डोक्यात फिरत होती: चोर तर चोर वर शिरजोर. मास्तरला मी ज्या तोंडाने विचारलं, त्या तोंडाला तो हक्क नव्हता. आणि तू नऊ वर्षांपूर्वी तेच विचारलंस तेव्हा मी तुला उलट उत्तर दिलं. चुकलं माझं. चित्र चांगलं झालं की वाईट झालं, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न तू विचारला होतास तो होता. 'माफी' हा शब्द माझ्याच्याने बोलवत नाही, तो मला गिऱ्हाइकाच्या तोंडचा वाटतो. पण चुकलं. हे वाक्य खोडायचं नाही असं ठरवून शाईच्या पेनाने लिहिलंय.

आणि चुकांचीच गोष्ट निघालीय तर आणखी एक. तुझा पत्ता मावशीने दिला नाही. ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या वहीतून उतरवून घेतला. तिलाही विचारलं नव्हतं. बघ, खोड किती मुरलेली आहे.

आई


११ फेब्रुवारी, दुपार

ठिपके,

घालवलं नाही. मास्तर कालपासून आमच्या कागदांजवळ आला की दोन्ही हात पाठीमागे बांधतो आणि नुसतं बोलतो. बोलतो चांगलं. बाकीच्यांच्या चित्रांवर त्याचे दोन हात चालूच आहेत, त्यांना हवे आहेत, ज्याची त्याला आवड. मला एकदा वाळूत गाठून म्हणाला, "माझे गुरू आमच्या कागदावर हात मारायचे तेव्हा आम्ही उपकार समजायचो. मला आजवर कुणी असं विचारलंच नाही." मी म्हटलं, "मलाही एकीनेच विचारलं होतं." लांब एक होडी चालली होती, ती बघत बसलो. अपमान त्याच्या मनातून गेला नाही, आणि माझ्या चादरीवरची घडीही गेली नाही.

म्हणजे गेली. मीच काढली. ऐक.

मी माझं रिटचिंगचं पातं आणलंय. प्रिंटवरचे काळे डाग खरवडायचं, आठवतं? लहानपणी तू त्याला हात लावायचीस आणि मी चापट मारायचे. माझा बेत असा होता की तुझ्या चित्रावरचा रंग याच पात्याने उतरवायचा. जाड कागद आहे, रंग मी पातळ लावला होता, हात माझा बरा आहे. पण आधी सराव हवा. म्हणून त्या चादरीवर बसले. ओला रंग नव्हे, सुकलेला. पातं आडवं धरायचं आणि कागदाला कळणार नाही इतकं हळू. दीड तास लागला. मास्तरची निळी घडी गेली. कागदाला बारीक केस आले, ते चमच्याच्या पाठीने घोटून बसवले. डॉक्टरीण शेजारी वाकून बघत होती. म्हणाली, "मेल्यावर हे पातं मला द्या." म्हटलं, तुम्ही आधी मेलात तर?

पांढरं परत आलं. पण राखलेलं नव्हे, घासून आणलेलं. उन्हात धरलं की फरक दिसतो. हे तुला सांगणं भाग आहे, कारण मी ऐटीत लिहिलं होतं की तुझं पांढरं तुला परत करीन. जसंच्या तसं नाही येणार. येईल ते असं येईल.

मग जेवण झाल्यावर दार लावून घेतलं, पेटी उघडली आणि तुझं चित्र बाहेर काढलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. इतकी वर्षं कपाटामागे उभं होतं, मी झाडताना डोळे मिटून झाडायचे. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. पातं हातात घेतलं.

आणि समोर बाबा.

ठिपके, आता जे लिहिते ते मावशीलाही माहीत नाही. आपल्याकडे त्यांचा फोटोच नाही ना गं. सगळ्या गावाचे फोटो काढणारा माणूस, आणि स्वतः कायम कॅमेऱ्याच्या मागे. लग्नाच्या फोटोतसुद्धा अर्धे बाहेर, कारण मदतनिसाला ओरडत होते. ओळखपत्रावरचा एक आहे, त्यात नुकतेच कुणाचं पाकीट मारून आल्यासारखे दिसतात. बास. ते गेल्यावर महिन्याभरात मला त्यांची हनुवटी आठवेना. मग कान. हजारो चेहरे दुरुस्त केलेल्या बाईला आपल्या नवऱ्याचा कान आठवत नाही. मी कुणाला सांगणार? तू त्यांचा चेहरा कोरा ठेवलास तेव्हा मी तुला वेळ पुरला नाही वगैरे म्हटलं ते खोटं होतं. मला वाटलं, ही पोरही विसरली. आणि त्याहून खरं म्हणजे, मला वाटलं हिला कळलं की मी विसरतेय, आणि हिने ते सगळ्या जगासमोर टांगायला काढलंय. म्हणून मी बसले आणि काढला. ब्रश हातात होता तोवर हनुवटी आठवली. कान आठवला. दोन तास ते माझ्यासमोर बसले होते. त्या खुर्चीत, जिथे कधी बसले नाहीत.

तेव्हा आता तुला कळेल पात्याखाली काय आहे. हा एकच चेहरा आहे त्यांचा. तो माझ्या हातचा आहे आणि तुझ्या कागदावर आहे.

आज बघताना आणखी एक दिसलं, जे तेव्हा दिसलं नव्हतं. खिडकीतून येणारं ऊन तू सदऱ्यावर, हातावर, खुर्चीच्या पाठीवर असं आणलंयस की ते सगळं त्या कोऱ्या जागेकडे जातं. तू चेहरा सोडला नव्हतास. तू तिथे ऊन बसवलं होतंस. आणि मी त्या उन्हात माणूस काढला, तोही सावलीतला. उजेड खिडकीतून आणि नाकाची सावली खिडकीकडेच! स्टुडिओत कुणी असं केलं असतं तर बाबांनी प्रिंट फाडून टाकलं असतं. चेहरा चांगला जमला म्हणून नऊ वर्षं फुशारकी मारली, आणि उजेडाची बाजू चुकलेली! माझी, स्टुडिओवालीची!

मी हसले, मग रडले, मग पातं पुसून ठेवून दिलं. हात लावला नाही.

आई


१३ फेब्रुवारी, सकाळ

ठिपके,

उद्या सगळे आपापल्या घरी. आज व्हरांड्यात सगळ्यांची चित्रं टांगणार आहेत, गावातले लोक बघायला येणार. माझी चादर मी दिली. बाई म्हणाल्या, खरवडलेली जागा दिसतेय, दुसरं काही द्या. म्हटलं, दिसू दे. तिथे एक भानगड झाली होती, ती कुणाला दिसली तर बिघडलं कुठे? टांगली शेवटी. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, पण टांगली.

काल मावशीचा फोन आला. तू तिला 'पत्ता का दिलास' विचारलंस तेव्हा वहीची चोरी कळली, म्हणून आधी दहा मिनिटं माझा उद्धार केला. मग म्हणाली, "तिला पत्रं पोचलीत. पहिली तीन."

मी म्हटलं, "काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

"काहीच नाही?"

"फक्त विचारलं, आई कागद कुठला वापरते."

सांगते. जाडा वापरते, खरबरीत, दाणेदार. तू वापरायचीस तोच. दुकानात मला नाव आठवेना तेव्हा तुझं चित्र पुठ्ठ्यातून जरासं बाहेर ओढून त्याचा कोपरा दुकानदाराला दाखवला होता. एक गठ्ठा जास्तीचा घेतलाय. कशाला घेतला विचारू नकोस, घेतला.

आता कामाचं. मी इथे आले तेव्हा ठरवून आले होते की चित्र दुरुस्त करायचं, बांधायचं आणि तुझ्या दारात टाकायचं. घे तुझं पांढरं. बघ आई कशी आहे. म्हणजे पुन्हा तेच की गं. पुन्हा तुझ्या पाठीमागे, तुझ्या कागदावर, माझ्या मनाला येईल ते. डॉक्टरीण म्हणते, "खरवडून टाका, तिला आनंद होईल." मावशी म्हणते, "खबरदार, भावजींचा चेहरा आहे तो." मास्तरला कुठून कळलं कोण जाणे, तो म्हणाला, मी एक ओला हात फिरवतो, बेमालूम होईल. मी तिघांनाही सांगितलं की तुमचा काही संबंध नाही. आणि नंतर दात घासताना लक्षात आलं की या बाबतीत चौथीचाही नाही. कागद तुझा आहे.

चित्र पेटीत आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. पातं धार लावून, रुमालात गुंडाळून शेजारी ठेवलंय. तू म्हणालीस ठेव, तर ते तसंच राहील, चुकीच्या सावलीसकट, आणि तुला हवं तिथे पाठवीन. तू म्हणालीस काढ, तर मी काढीन. दुसऱ्या कुणाला करू देणार नाही, आणि करताना रडणार नाही, कारण कागदावर पाणी पडून चालत नाही. चेहरा गेला तर गेला. नवरा माझा होता, त्याची हनुवटी लक्षात ठेवायचं काम माझं आहे, तुझ्या चित्राचं नाही. आणि तू म्हणालीस की मी येते आणि माझ्या हाताने काढते, तर खुर्ची खिडकीपाशी ठेवलेली आहे. ये. चापट मारणार नाही.

काहीच म्हणाली नाहीस तर मी थांबीन. मला थांबता येतं. बारा दिवस तेच शिकलेय.

नऊ वर्षांपूर्वी त्या दुपारी तू काच घेऊन येईपर्यंत मी थांबायला हवं होतं आणि दारातच तुला एक गोष्ट विचारायला हवी होती. तेव्हा विचारली नाही. आता विचारते.

हात लावू का?

आई